गाळून घेतलेला वेग

गाडीचं बॉनेट उघडून पाहुण्याला काय दाखवता येईल, यावर हौशी मोटारवाल्याचा खर्च ठरतो. टर्बो दाखवता येतो. त्याला जोडलेले लालभडक सिलिकॉनचे पाइप दाखवता येतात. एक्झॉस्ट तर दाखवावाही लागत नाही; गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की चौथ्या मजल्यावरच्या आजींना कळतं आणि त्या खिडकी लावून घेतात. या सगळ्या वैभवात एक नळकांडं मात्र असं असतं, की त्याच्यामुळे गाडीची ताकद अर्ध्या अश्वशक्तीनेही वाढत नाही. ते गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकाजवळ, चिखलाच्या माऱ्यात दिवस काढतं. टाकीतून निघालेल्या पेट्रोलच्या प्रत्येक थेंबाला त्याच्यातून गेल्याशिवाय इंजिनाचं दर्शन होत नाही. त्याचं नाव फ्युएल फिल्टर. ते नीट काम करत असेल तर त्याची कोणाला आठवण येत नाही, आणि आठवण आली म्हणजे बहुधा गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते.

अशा वस्तूवर कोणी हौसेने पैसे खर्च करील असं मला वाटलं नव्हतं. पण माझा भाचा कोल्हापूरचा आहे.

त्याच्याकडे जुनी ऑक्टेव्हिया व्हीआरएस आहे. २००४ च्या सुमारास ही गाडी आपल्याकडे आली, तेव्हा १.८ लिटरच्या टर्बो इंजिनातून १५० अश्वशक्ती मिळते हे नुसतं वाचूनही पोरं हरखून जात. शेजारून जाणारी मारुती ८०० तेव्हा ३७ अश्वशक्तीवर अख्खं कुटुंब, वर डिकीत नारळाचं पोतं, असं जोतिबाला नेऊन आणत होती. भाच्याला मात्र १५० पुरेनात. त्याने मोठा टर्बो बसवला, मोठे इंजेक्टर बसवले, तासाला २५५ लिटर पेट्रोल ढकलणारा वॉल्ब्रोचा पंप टाकीत सोडला. आता तीनशेच्या आसपास जाऊ, असं तो म्हणत होता. आणि त्या गाडीने आंबा घाटात, ऐन चढाला, पाच हजार आरपीएमच्या पुढे गेल्यावर आचके द्यायला सुरुवात केली. खाली सपाटीवर आली की पुन्हा शहाण्यासारखी चालायची.

"फिल्टर," शिवाजी उद्यमनगरातले मिस्त्री गाडीकडे न बघताच म्हणाले. "एवढं सगळं बदललं, आन् फिल्टर ह्यो असा. बदलायचा राहिला व्हय?"

उद्यमनगरात कोणालाही काहीही करून मिळतं. लेथवर नट-बोल्टपासून उसाच्या चरकापर्यंत सगळं निघतं. नमुना दाखवा, संध्याकाळी या. त्यामुळे तिथल्या मिस्त्रींना "मिळत नाही" हा प्रश्न माहीत नाही. त्यांना फक्त "काय घ्यायचं" हा प्रश्न ठाऊक आहे. आणि फिल्टरच्या बाबतीत तो प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच खोल आहे, हे मला त्या दुपारी तिथल्या स्टुलावर बसून कळलं.

भाच्याने पहिली निवड रंगावर केली. फ्यूएलॅब, एअरोमोटिव्ह, रॅडियम वगैरे अमेरिकन कंपन्यांचे फिल्टर सबंध अ‍ॅल्युमिनियममधून कोरून काढलेले असतात आणि त्यांवर काळी, निळी, लाल झिलई असते. फोनवर त्यांचे फोटो तो मला दाखवत होता. दागिन्यांच्या दुकानात मांडावेत असे फिल्टर. किंमत पाच आकडी. मी विचारलं, "हा बसणार कुठे?" तर म्हणाला, "मागे, खाली." म्हणजे त्या निळ्या झिलईचं कौतुक करणार कोण, तर गाडीखाली सावलीला झोपणारं कुत्रं आणि मिस्त्री. मिस्त्रींना रंगात रस नव्हता. त्यांनी विचारलं, "मायक्रॉन किती?"

इथून खरी गोष्ट सुरू होते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, कमी-जास्त. नुसत्या डोळ्यांना ४० मायक्रॉनच्या खालचं काही दिसणं अवघड. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंपाच्या पुढे बसवायचा फिल्टर साधारण १० मायक्रॉनचा घेतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं ४० वर भागतं. आणि पंपाच्या आधी जाळी लावायची तर ती १०० मायक्रॉनची. डिझेलच्या नव्या गाड्यांत इंधन दोन हजार बारच्या आसपास दाबाने सोडलं जातं, म्हणून तिथे आणखी बारीक, दोन ते पाच मायक्रॉनचं गाळप चालतं. थोडक्यात, फिल्टर ज्या कचऱ्यासाठी जन्म घेतो तो कचरा आपल्याला दिसतच नाही. बाटलीत पेट्रोल धरून "स्वच्छ आहे की" म्हणणाऱ्या माणसाचं मत इथे विचारात घेत नाहीत.

"मग दहाचा कशाला?" भाचा म्हणाला. "पाचचा टाकू. दोनचा टाकू. बारीक तेवढं चांगलं ना, मामा?"

मला त्याचं पटलं होतं. आपल्या सगळ्यांचं शिक्षण याच तत्त्वावर झालेलं असतं. पीठ बारीक हवं, दळण बारीक हवं, नजर बारीक हवी. पण मिस्त्री म्हणाले, "टाका की दोनचा. आन् गाडी ढकलायला चार पोरं बी ठेवा मागं."

पूर्वी घराघरांत नळाच्या तोंडाला फडकं बांधायचे. धोतराचं जुनं, विरविरीत फडकं बांधलं की पाणी धो धो यायचं आणि थोडी माती घेऊन यायचं. घट्ट विणीचं बांधलं की पाणी निवळशंख, पण बादली भरेपर्यंत नळाची वेळ संपायची. पेट्रोलचंही तेच. भोकं जितकी बारीक, तितका अडथळा मोठा, आणि अडथळ्यापुढे दाब पडतो. यावर उपाय एकच, फडकं मोठं घेणं. म्हणून फिल्टरच्या डब्यात कागद सपाट नसतो, चुण्या घातलेला असतो. मुठीएवढ्या जागेत हातभर लांबीची पट्टी मावावी म्हणून. चांगला फिल्टर आणि स्वस्त फिल्टर बाहेरून सारखेच दिसतात. फरक असतो तो आतल्या चुण्यांच्या संख्येत आणि टोकांना लावलेल्या गोंदात. गोंद सुटला की पेट्रोल कागदातून न जाता शेजारच्या फटीतून जातं आणि सगळे मायक्रॉन छापील राहतात.

त्या छापील मायक्रॉनचीही एक गंमत आहे. डब्यावर १० लिहिलेलं असतं, पण ते दहा नॉमिनल की अ‍ॅब्सोल्यूट, हे बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. नॉमिनल म्हणजे त्या आकाराचे कण "बऱ्यापैकी" अडवले जातील. बऱ्यापैकी म्हणजे किती, ते कंपनी ठरवते. अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे जवळपास सगळे. जाणकार लोक याला बीटा नावाचा आकडा लावतात: फिल्टरच्या अलीकडे किती कण होते भागिले पलीकडे किती निसटले. बीटा दोन असेल तर निम्मा कचरा आत गेला. बीटा ७५ असेल तर ९८.७ टक्के अडला. म्हणजे दोन डब्यांवर १० हाच आकडा असून एक फिल्टर पन्नास टक्क्यांनी पास झालेला असू शकतो आणि दुसरा पहिला आलेला. प्रमाणपत्रावर फक्त "उत्तीर्ण" लिहायची पद्धत आपल्याला नवी नाही.

बाजारातला प्रकार याहून रंगतदार. भाचा एका दुकानात साधा कागदी फिल्टर विचारायला गेला, तर दुकानदार म्हणाला, "ओरिजिनलमध्ये दोन क्वालिटी आहेत. कुठली देऊ?" या वाक्यावर तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने आयुष्य घालवावं. त्यात आणखी एक खोच अशी, की फोक्सवॅगन घराण्यातल्या काही गाड्यांत प्रेशर रेग्युलेटर फिल्टरलाच जोडलेला असतो. डबा तोच, तोंडं तीच, पण एकावर ३ बार, दुसऱ्यावर ४, तिसऱ्यावर ६.६ लिहिलेलं. चुकीचा लावला तर गाडी सुरू होते, चालते, आणि तुम्ही पुढचे सहा महिने इंजेक्टर, प्लग, कॉइल आणि शेवटी नशीब तपासत बसता.

मिस्त्रींनी खरेदीच्या आधी पेट्रोलचा दाब मोजायचा गेज लावला. तीनशे अश्वशक्तीचं टर्बो इंजिन पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर, ढोबळ हिशेबाने, तासाला शंभर-सव्वाशे लिटर पेट्रोल पितं. म्हणजे पंचावन्न लिटरची टाकी अर्ध्या तासात कोरडी. अर्थात कोल्हापूर परिसरात सलग अर्धा तास अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायला रस्ता कुठे आहे? पाच-सहा सेकंदांत स्पीडब्रेकर येतो, म्हैस येते किंवा सहापदरीकरणाचं वळण येतं. पण मिस्त्रींचं म्हणणं, घात त्या पाच-सहा सेकंदांतच होतो. तुंबलेल्या फिल्टरमधून गाडी उभी असताना लागतं तेवढं पेट्रोल आरामात जातं. गेजचा काटा तेव्हा अगदी सज्जन असतो. जोर लावला की मागणी वाढते, काटा घसरतो, सिलिंडरमध्ये हवा भरपूर आणि पेट्रोल कमी अशी स्थिती होते. मग आतलं तापमान चढतं, इंजिन ठोके देतं, आणि वेळ वाईट असेल तर पिस्टनचा माथा वितळतो. माणसांचंही दुखणं असंच असतं. निवांत बसलेल्याला कधी तक्रार नसते. चढ लागल्यावर कळतं कोणाच्या नळ्या किती मोकळ्या आहेत.

काटा घसरला. फिल्टरच तुंबला होता. भाच्याने विचारलं की दोन फिल्टर लावले तर? पंपाच्या आधी एक दहाचा, नंतर एक दहाचा. दुहेरी बंदोबस्त. मिस्त्रींनी त्यावर जे सांगितलं ते मला फार आवडलं. पंप ढकलण्यात बहाद्दर असतो, ओढण्यात नाही. त्याच्या तोंडाशी बारीक जाळी लावली की ओढताना दाब इतका उतरतो की पेट्रोलचीच वाफ होऊन बुडबुडे येतात, आणि बुडबुडे गिळणारा पंप तापून मरतो. म्हणून आधी जाड, मग बारीक. ओढून घेणाऱ्याने दगडगोटे तेवढे बाजूला काढावेत. बारकावे बघायचे ते पाठीशी दाब आल्यावर. पहिल्याच भेटीत माणसाला दहा मायक्रॉनमधून गाळणाऱ्यांची लग्नं का जमत नाहीत, याचा मला थोडा उलगडा झाला.

मग गाळणाऱ्या कापडाचा प्रश्न. कागद, काचेचे अतिसूक्ष्म धागे किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी, असे तीन पर्याय. माझ्या पिढीचं मन स्टीलवर जातं, कारण ते धुऊन पुन्हा वापरता येतं, आणि टाकून द्यायची वस्तू विकत घेताना आमचा हात थरथरतो. पण स्टीलची जाळी बहुधा १०० किंवा ४० मायक्रॉनची घेतात, आणि धुताना उलट्या बाजूने धुतली नाही तर बाहेरची घाण आपण स्वहस्ते आत नेऊन ठेवतो. कागद स्वस्त, दहा मायक्रॉनला उत्तम, फक्त पाण्याने फुगतो आणि अल्कोहोलचं प्रमाण फार वाढलं की नरमतो. आणि इथे कोल्हापूरकराला आपल्याच शेताकडे बघावं लागतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा आपला कार्यक्रम २००३ साली पाच टक्क्यांनी सुरू झाला. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ वर आणलं, आणि आता पंपावर मिळतं ते बहुतेक ई-२०. यातलं काही इथेनॉल उसातून येतं. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा या उसावर एक दिवस मोटारी पळतील हे बहुधा कोणाच्या ध्यानीमनी नसेल. इथेनॉलला ऑक्टेन जास्त, जळताना ते सिलिंडर थंड ठेवतं, म्हणून वेगाच्या वेडाचे लोक त्याच्यावर खूश असतात. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यती २००७ पासून इथेनॉलवर धावू लागल्या, फॉर्म्युला वनने २०२२ मध्ये दहा टक्के घेतलं. पण लिटरमागे त्याच्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी जास्त इंधन, म्हणजे फिल्टरमधून जास्त प्रवाह. शिवाय ते हवेतलं पाणी धरतं. आणि त्याचा तिसरा गुण म्हणजे जुन्या टाकीच्या भिंतींना वीस वर्षं चिकटून बसलेला चिकटा ते सोडवतं. सगळं सुटलेलं गाळ होऊन येतं ते सरळ फिल्टरमध्ये. भाच्याच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

गळीत हंगामात त्याच्या शेजारी बसून मी एकदा हुपरीकडे गेलो आहे. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्यावर छातीत धडधडेल एवढ्या आवाजात गाणं, रस्त्याची रुंदी ट्रॉलीएवढी. मागे आमची जवळपास तीनशे अश्वशक्ती, पहिल्या गिअरमध्ये. भाचा हॉर्न वाजवत होता. मी त्याला म्हटलं, "अरे, तू ज्याला हॉर्न देतोयस ते तुझं पेट्रोल आहे. त्याला कारखान्यात पोचू दे, मग पळ." त्याला हा युक्तिवाद पटला नाही, पण ट्रॅक्टरवाल्याला हॉर्नही ऐकू येत नव्हता.

जोडणीची बात थोडक्यात सांगतो, कारण तिथे हौशी माणसं सर्वांत जास्त रमतात. या भारी फिल्टरांना जी तोंडं असतात त्यांना एएन म्हणतात, आर्मी-नेव्ही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या भूदल आणि नौदलाने विमानांच्या नळ्यांसाठी ठरवलेलं हे माप. आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग: सहा म्हणजे तीन अष्टमांश इंच, आठ म्हणजे अर्धा इंच. तोंडाचा उतार ३७ अंशांचा. साध्या मोटारींच्या नळ्यांचा उतार ४५ अंशांचा असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पान्याने दोन्ही आवळलेही जातात, आणि मग गरम सायलेन्सरच्या शेजारी पेट्रोल पाझरू लागतं. भाचा "आठ नंबरच घेऊ, मोठा" असं म्हणत होता. मिस्त्री म्हणाले, "पाइप तुमचा सहाचा. मधीच आठ करून पाणी रुंद हुतंय, जास्त येत न्हाई."

जुना फिल्टर काढल्यावर मिस्त्रींनी तो रिकामा करून दोन दिवस उन्हात ठेवला होता. मग व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने हळूहळू कापला. "ग्राइंडर लावायचा न्हाई. ठिणगी पडली तर फिल्टर बी जाईल आन् आपुन बी." आतून चुण्यांचं भेंडोळं निघालं. त्यांनी ते बाकड्यावर उलगडलं. पेट्रोल बाहेरून आत जातं, म्हणून कागदाची बाहेरची बाजू विटकरी-काळी झालेली, घडीच्या खोबणीत चिकट साय, आणि आतली बाजू फिकट पिवळी, जवळजवळ कोरी. नखाने खरवडलं तर बोटाला मऊ पीठ लागलं. त्यावरून लोहचुंबक फिरवल्यावर त्याला लोखंडी लव आली. वीस वर्षांची टाकी त्या पट्टीवर वाचता येत होती.

भाचा म्हणाला, "म्हणजे याने काम चोख केलं."

"काम लई चोख केलं. नवा हुता तवापेक्षा बी चोख," मिस्त्री म्हणाले. आणि हे अगदी शास्त्राला धरून आहे. कागदावर गाळाचा थर बसतो तशी भोकं लहान होत जातात, त्यामुळे जुना फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो. दहाचा फिल्टर म्हातारपणी पाचचा होतो, तीनचा होतो. गुणवत्ता वाढत जाते, प्रवाह घटत जातो, आणि ज्या दिवशी तो सर्वांत उत्तम गाळत असतो त्याच दिवशी गाडी बंद पडते.

हे ऐकून मला एका दिवाळी अंकाचे संपादक आठवले. तरुणपणी ते आलेल्या कवितांतल्या निम्म्या छापायचे, आणि त्या निम्म्यांतल्या काही वाईट असायच्या. पुढे त्यांची जाण वाढली. दरवर्षी मागच्या वर्षीचे दोष त्यांच्या मनात साठत गेले, आणि त्या साठ्यातून नवी कविता गाळली जाऊ लागली. यमक जुनं, प्रतिमा उसनी, शेवट सोपा. शेवटच्या अंकात त्यांनी एकही कविता घेतली नाही. त्यांच्या दृष्टीने तो सर्वांत निर्दोष अंक होता. त्यात संपादकीय होतं, राशिभविष्य होतं आणि बँकांच्या जाहिराती होत्या. अंक बंद पडला तेव्हा ते म्हणाले, दर्जेदार साहित्यच राहिलं नाही. मलाही अलीकडे नवं पुस्तक तिसऱ्या पानापुढे जात नाही, नवा गायक पहिल्या आलापाला उतरतो, आणि याला मी आजवर अभिरुची म्हणत आलो आहे. नवख्या फिल्टरमधून थोडी घाण जाते, ती इंजिन निमूटपणे जाळून टाकतं. तेवढं पचवण्याची ताकद असते म्हणून तर ते इंजिन. प्रश्न कचरा जातो का हा नसून, कोणता कचरा धोक्याचा आणि कोणता नुसता डोळ्यांना खुपणारा, एवढाच असतो.

शेवटी भाच्याने काय घेतलं? बाहेरदेशीचाच घेतला, पण मिस्त्रींच्या अटींवर. दहा मायक्रॉन, काचेच्या धाग्यांचा, कारण ई-२० पुढे कुठवर जाईल सांगता येत नाही. आतली कांडी बदलता येणारा. रबरी रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या व्हिटॉनची. सहा नंबरची तोंडं. आणि पंपाच्या तळाशी होती ती जाड जाळी तशीच ठेवून. रंग मात्र त्याने निळा घेतला. मिस्त्रींनी आधी लाइनमधला दाब सोडला, प्रवाहाचा बाण इंजिनाकडे आहे हे दोनदा पाहिलं, फिल्टर बसवला, आणि मग खिशातून मार्कर काढून त्या निळ्याशार झिलईवर ठसठशीत अक्षरांत तारीख आणि किलोमीटर लिहिले. भाच्याचा जीव कळवळला.

"अहो मिस्त्री, वहीत लिहायचं ना!"

"वही हरवती. आन् गाळणाऱ्याला आपुन तुंबलोय हे त्याचं त्याला कधी कळत न्हाई, दादा. त्याला वाटतंय आपुन लई भारी गाळतोय. तारीख दुसऱ्यानं टाकायला लागती."

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मार्करचं टोपण अजून उघडंच होतं, म्हणून मी स्टूल जरा मागे घेतलं.